एकशे अठ्ठावीस श्री

सावित्रीबाईंनी एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्याला खोटं बोलायला लावलं ते एकदाच, आणि तेही जमलं नाही.

"त्याला सांग, आजी अर्नाळ्याला गेलीय. आठ दिवस यायची नाही," असं त्या नातीला, इशिताला, दबक्या आवाजात म्हणाल्या. दबका आवाज म्हणजे त्यांच्या मते दबका. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. त्यात इशिताने फोन स्पीकरवर ठेवलेला. पलीकडचा मुलगा हसला आणि म्हणाला, "ओके आजी, मग आठ दिवसांनी येऊ का?"

त्या मुलाचं नाव कॉन्रॅड. राहायला नायगावला, खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये. त्याचे आजोबा हिलरी एके काळी मुंबईत सोळा वादकांचा जाझ ऑर्केस्ट्रा चालवायचे. कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते कागदावर मांडायचेही तेच आणि हातात काठी घेऊन पुढे उभे राहायचेही तेच. त्यांनी जन्मात एकच लाँगप्ले रेकॉर्ड काढली, १९६२ साली. तिचं नाव 'बसीन रोड', म्हणजे वसई रोड स्टेशनचं जुनं इंग्रजी नाव. ती आता पुन्हा निघणार होती, आणि त्या बाबतीत कॉन्रॅडला सावित्रीबाईंना 'एक छोटासा प्रश्न' विचारायचा होता.

तो छोटासा प्रश्न काय असणार हे सावित्रीबाईंना पक्कं ठाऊक होतं. ती रेकॉर्ड त्यांनी बिघडवली होती. एका चांगल्या माणसाची जन्मात एकदाच झालेली गोष्ट त्यांच्या हातून नासली होती. त्रेसष्ट वर्षांत त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. देवालाही सांगितलं नाही, कारण त्यात थोडा हात देवाचाही होता.

इशिताने परस्पर रविवारी अकराची वेळ देऊन टाकली. मग चार दिवस आचोळ्याच्या त्या तीन खोल्यांत सावित्रीबाईंनी सगळ्यांचं जगणं नकोसं केलं. परक्या माणसाला घरी बोलावतात तर आधी विचारतात का, पडदे किती दिवसांत धुतले नाहीत, आणि मी काही सिनेमानटी आहे का मुलाखत द्यायला. मुलगा देवेंद्र निमूटपणे पडदे उतरवून धुवायला टाकून आला. आईला कसली तरी भीती वाटतेय एवढं त्याला कळलं. कसली ते विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

आता ती भीती कुठून आली ते सांगतो.

भुईगावात चुरींची, म्हणजे सावित्रीबाईंच्या माहेरची, पानवेलीची वाडी होती. वाडीतली पानं करंड्यांत भरून लांब लांब जायची, आणि प्रत्येक करंडीला एक चिठ्ठी बांधलेली असायची: माल कोणाचा, पानं किती, जाणार कुठे. आधी या चिठ्ठ्या सावित्रीचे वडील अण्णा लिहायचे. सावित्री मॅट्रिक झाली आणि ते काम तिच्याकडे आलं. तिचं अक्षर असं की गावात लग्न निघालं की पत्रिका छापून आल्यावर वरची नावं लिहायला हिंदूंकडून बोलावणं यायचं तसं ख्रिस्ती घरांतूनही यायचं. चिठ्ठीच्या माथ्यावर श्री काढायचा तो मात्र अण्णांच्या वळणाचा, एका ओढीत. बोरू टेकवला की उचलायचा नाही, आणि वेलांटीची शेपटी उजवीकडे लांब, हलती सोडून द्यायची. नीट पाहिल्याशिवाय तो श्री आहे हे कळायचंही नाही. कोऱ्या कागदाला श्रीशिवाय हात लावायचा नाही, ही आईची ताकीद. कागद करंडीचा असो की शाळेच्या निबंधाचा, आधी श्री, मग बाकी सगळं.

शेजारचं घर ऑगस्टीनचं. ऑगस्टीन हिलरींच्या ऑर्केस्ट्रात दुसरा ट्रम्पेट वाजवायचा. रेकॉर्ड ठरली तेव्हा हिलरींना लिहायला शांत जागा हवी होती, म्हणून ऑगस्टीनच्या घरामागची विहिरीजवळची खोली त्यांना दिली. हिलरींची आई जवळच्या पापडी गावची, पण ते स्वतः वाढले मुंबईत. मराठी बोलायचे ती आईकडून आलेली. वाचायचं म्हटलं तर मराठीतलं एक अक्षर कळत नसे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

मास्तरांच्या समोर एक मोठा कागद असायचा, त्यावर सोळाही वाद्यांचे सूर एकाखाली एक मांडलेले. पण वाजवणाऱ्याच्या समोर हा मोठा कागद ठेवत नाहीत, त्याच्यापुढे फक्त त्याचा स्वतःचा. म्हणजे मोठ्या कागदावरून सोळा वेगळे कागद कोणीतरी हाताने उतरवायचे. ते काम करणारा मुंबईतला माणूस कावीळ होऊन पडला. रेकॉर्डिंगला दिवस राहिले बावीस. मास्तर डोकं धरून ओट्यावर बसले होते, तेव्हा समोरून पानांच्या करंड्या गाडीत चढत होत्या. एका करंडीची चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली आणि ते उठूनच उभे राहिले.

"हे कोणी लिहिलं?"

ऑगस्टीनच्या आईने कुंपणापलीकडे बोट दाखवलं.

अण्णांनी परवानगी दिली ती अटी घालून: सावित्री आपल्याच ओटीवर बसेल, दार उघडं राहील, आणि दिवे लागले की काम बंद. शिवाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लिहायचंच काम आहे ना? मग हरकत नाही." अठरा वर्षांच्या पोरीला शेजारच्या बँडमास्तरचं काम करू द्यायचं म्हणजे त्या काळी थोडं धाडसच होतं. पण पोरीच्या अक्षराचा बापालाही अभिमान असतो.

सावित्रीला सूर कळत नव्हते. पाच रेषा, त्यांच्यावर टिंबं. काही भरलेली, काही पोकळ. काहींना दांड्या, दांड्यांना झेंडे. सावित्री ती रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मोजून उतरवायची. कुठल्या रेषेवर, कुठल्या घरात, मधे किती मोकळी जागा. तीन दिवसांत हात बसला. मास्तर संध्याकाळी येऊन बोटाने एकेक टिंब तपासायचे आणि मान हलवायचे. वर एका बाजूला ती शेपटीवाली खूण दिसायची, तिच्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. मुंबईचा तो कावीळवाला माणूस आपल्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात एक मासा काढायचा. लिहिणाऱ्यांच्या अशा खोडी असतात, हीही तसलीच, असं त्यांनी धरलं असावं.

एकदा तिने धीर करून विचारलं, "मास्तर, हे वाजलं की कसं लागतं?"

मास्तरांनी तिच्या हातातला कागद घेतला आणि पहिल्या ट्रम्पेटची ओळ शीळ घालून दाखवली. मग ऑगस्टीनला हाक मारली आणि म्हणाले, तू तुझी वाजव. त्याने ट्रम्पेटच्या तोंडात रुमाल कोंबून आपली ओळ हळू वाजवली, मास्तर आपली शीळ घालत राहिले. दोन ओळी एकत्र आल्या आणि तिसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं, जे दोन्ही कागदांवर नव्हतं. सावित्री टाक हातात धरून तशीच बसली. शाई सुकली. त्या दिवशी तिचं पुढे काम झालं नाही.

आठ धुना, सोळा वादक, एकशे अठ्ठावीस कागद. आणि प्रत्येक कागदावर, पहिल्या टिंबाच्या बरोबर माथ्यावर, एकशे अठ्ठावीस श्री. धुनेचं नाव मधे आणि वाद्याचं नाव डावीकडे, म्हणून श्रीला जागा उरली ती तिथेच.

रेकॉर्डिंग झालं आणि ऑगस्टीन परत आला. तो त्याच आठवड्यात बोटीवरच्या बँडची नोकरी धरणार होता, घरात बांधाबांध चालली होती. कुंपणाशी पाणी शेंदत असलेल्या सावित्रीला तो हसत हसत म्हणाला, "सावित्रे, तुज्या त्या शेपटीनं काय घोळ घातला गं! आमाला वाटलं, सूर हलवायची खून आहे. पयल्याच सुराला सोळा मानसं थरथरली. हिलरीनं काठीच खाली ठेवली."

एवढंच. तेवढ्यात त्याच्या आईने आतून हाक मारली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी बोटीवर.

गोव्याचे, वांद्र्याचे, माझगावचे ते सोळा वादक. मुंबईत राहून दुकानांच्या पाट्यांवर त्यांनी श्री पाहिला नव्हता असं नाही. पण सुरांच्या कागदावर माणूस अक्षर शोधत नाही, सूरच शोधतो. त्यांना पहिल्या सुरावर एक हलती शेपटी दिसली, प्रत्येकाच्या कागदावर तीच, त्याच जागी. मग त्यांनी सूर हलवला. त्यांची काही चूक नव्हती.

उरलेली गोष्ट सावित्रीने आपल्या मनाने पुरी केली. काठी खाली ठेवली म्हणजे काय? म्हणजे मास्तरांचं मनच उतरलं. मास्तर पुढे भुईगावला आले नाहीत, खोलीतलं त्यांचं सामान दुसऱ्याच कोणी येऊन नेलं. ते एका हॉटेलच्या बँडसाठी कलकत्त्याला गेले असं नंतर कानावर आलं, आणि रेकॉर्ड काही चालली नाही हेही. विचारणार कोणाला? महिन्याभरात तिचं लग्न झालं आणि ती आगाशीला वर्तकांच्या घरी आली.

आगाशीत तिने राजेळी केळी सुकवून सुकेळी केली, सासूचं केलं, मुलगा वाढवला, वाडी सांभाळली. अक्षर तसंच राहिलं, फक्त त्या दिवसानंतर तिने श्री काढला नाही. कुठेच नाही. पहिली लग्नपत्रिका लिहायची वेळ आली तेव्हा सासूला सांगितलं, हात दुखतोय. दिवाळीत वह्या पूजेला निघाल्या तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन बसली. तिला देवाचा राग नव्हता. आपल्या हाताची लाज वाटत होती. नवरा गुरुदत्त अबोल माणूस, पण डोळे उघडे ठेवून वावरणारा. त्याच्या लक्षात आलं. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर घरात कोणाला पत्र लिहायचं झालं की तो आधी स्वतः कोऱ्या कागदावर आपला वेडावाकडा श्री काढायचा आणि कागद तिच्याकडे सरकवायचा. "हं, आता पुढचं तू लिही." अशी सत्तेचाळीस वर्षं गेली. माणसाने माणसावर प्रेम कसं करावं हे मला कोणी विचारलं तर मी गुरुदत्त वर्तकांचं नाव सांगेन.

ते जाऊन सोळा वर्षं झाली. वाडी गेली, घर गेलं, सावित्रीबाई मुलाबरोबर आचोळ्याला फ्लॅटमध्ये आल्या. लिहायचं आता काही उरलंच नव्हतं.

रविवारी कॉन्रॅड अकराला पाच मिनिटं कमी असतानाच आला. तिशीचा, दाढी राखलेला, हातात अननसाचा केक, पाठीवर बॅग. बॅगेतून लॅपटॉप निघाला, छोटासा स्पीकर निघाला आणि जाड पुठ्ठ्यात बांधलेले जुने कागद निघाले. सावित्रीबाई त्या पुठ्ठ्याकडे न बघता चहाकडे बघत होत्या.

"आजी, आधी एक तुकडा ऐकवतो," कॉन्रॅड म्हणाला.

सावित्रीबाईंनी ती रेकॉर्ड कधीही ऐकली नव्हती. सासरी ग्रामोफोन नव्हता, आणि असता तरी त्यांनी ऐकली नसती. त्यांनी पदर मुठीत धरला. इशिताने स्पीकर आजीच्या कानाजवळ आणून ठेवला.

पहिला सूर आला. सोळा माणसांचा एकदम, रुंद, भरलेला, आणि सरळ. कुठेही थरथर नाही. मागून सॅक्सोफोन हळूच आत शिरले.

सावित्रीबाईंची मूठ सुटली. म्हणजे काही बिघडलंच नव्हतं! ऑगस्टीनने थट्टा केली होती, मेल्याने. त्यांना हसू आलं, इतकं की इशिता बघतच राहिली. एवढ्या वर्षांचं ओझं असं अर्ध्या मिनिटात उतरतं का कधी, पण त्यांना वाटलं, उतरलं.

"ही क्लीन केलेली आहे," कॉन्रॅड म्हणाला. "आता ओरिजिनल ऐका."

आणि पहिला सूर थरथरला. सोळाच्या सोळा माणसं एकदम हलली, जशी वाऱ्याची एक झुळूक आली की पानवेलीची अख्खी रांग हलते. मग सूर स्थिर झाला आणि पुढचं सगळं आधीसारखंच.

सावित्रीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"माझा फ्रेंड आहे, प्रितेश, साउंडचं काम करतो," कॉन्रॅड सांगत होता. "तो म्हणाला, टेप खराब असेल, म्हणून त्याने सरळ केलं. पण आठही गाण्यांचा फर्स्ट नोट असाच आहे. टेप प्रत्येक वेळी तिथेच कशी खराब होईल? आणि आजोबांच्या मेन पेपरवर तर सरळच लिहिलंय. म्हणून मी ऑगस्टीन आजोबांकडे गेलो, भुईगावला. ते नव्वदचे झाले, त्यांना काहीच आठवत नाही. फक्त एवढंच बोलले, सावित्रीला विचार, लिहिलं तिनं. तर आजी, प्रश्न एवढाच. ही थरथर तुमच्या कागदांवर लिहिलेली होती का? आजोबांनी लिहायला सांगितली असेल तर ठेवतो. मिस्टेक असेल तर प्रितेशवाली जाईल. मंगळवारी फायनल द्यायचंय."

एक 'हो' म्हटलं की संपलं असतं. विचारणारा कोण, तर नातू. साक्षीला कोण, तर नव्वदीचा म्हातारा, त्याला काही आठवत नाही. हो रे बाबा, मास्तरांनीच लिहायला सांगितलं होतं. कोण पडताळणार होतं? तो 'हो' सावित्रीबाईंच्या ओठांपर्यंत आला. तिथून तो बाहेर पडेना.

"चूक होती," त्या म्हणाल्या. "माझी. तुझ्या आजोबांची रेकॉर्ड मी बिघडवली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आईची ताकीद, अण्णांचं वळण, शेपटी, ऑगस्टीन कुंपणाशी काय बोलला ते. इशिता दारात उभी राहून ऐकत होती. आजी पत्रावर श्री का काढत नाही हे घरातलं जुनं कोडं तिला आज उलगडत होतं. कॉन्रॅडला आधी समजलं नाही, मग समजलं, आणि तो मोठ्याने हसला.

"श्री? सिक्स्टीन म्युझिशियन्सनी श्री वाजवला?"

"हसतोस काय?" सावित्रीबाई ताडकन म्हणाल्या. "माझं इथे आयुष्य गेलं त्यात."

तो वरमला. सॉरी म्हणाला, मनापासून म्हणाला. मग फोन काढून म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका, आजी. आता कळलं ना, मिस्टेक आहे. प्रितेशला सांगतो, क्लीनवाली फायनल. कोणाला कळणार पण नाही." आणि तो लिहू लागला.

झालं. चूक पुसली जाणार होती. हेच तर त्यांना हवं होतं, मग बरं का वाटत नव्हतं हे सावित्रीबाईंना कळेना. त्या म्हणाल्या, "मास्तरांचा तो मोठा कागद आणलायस का? एकदा बघू दे."

कॉन्रॅडने पुठ्ठा सोडला. कागद पिवळा पडला होता, कडा झिजल्या होत्या. सोळा ओळी एकाखाली एक. सावित्रीबाईंनी चष्मा चढवला आणि नकळत त्यांचं बोट पहिल्या ओळीवर गेलं. एक पोकळ टिंब, दुसऱ्या रेषेवर. हो, असंच होतं. सरळ.

आणि त्या टिंबाच्या माथ्यावर, शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने, काहीतरी गिरवलेलं होतं.

"हे काय आहे?"

"ते? ती आजोबांची सही," कॉन्रॅड म्हणाला. "त्यांच्या सगळ्याच पेपरवर असते. कलकत्त्याला लिहिलेलं असो, नंतरचं असो, फर्स्ट नोटच्या वर ही असतेच. अगदी शेवटी आईबाबांच्या लग्नात वाजवायला एक लिहिलं होतं, त्याच्यावर पण आहे. आम्ही लहान असताना त्याला गांडूळ म्हणायचो."

सावित्रीबाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. दुसरं पान उलटलं, तिसरं, पुढच्या धुनेचं. प्रत्येकावर होतं. ज्याला अक्षर येत नाही त्याने चित्र म्हणून काढलेलं. मधला भाग उलटा गेलेला, वेलांटी भलत्याच ठिकाणाहून निघालेली, पण शेपटी लांब आणि हलती, बरोबर उजवीकडे. त्यांनी एकेका टिंबाचा अर्थ न कळता मास्तरांचे सूर उतरवले होते. मास्तरांनी अर्थ न कळता त्यांचं अक्षर उतरवलं होतं, आणि जन्मभर उतरवत राहिले होते.

"हा श्री आहे," त्या म्हणाल्या. "हा माझा श्री आहे."

इशिताने वाकून पाहिलं. "हा? आजी, हा श्री?"

"त्यांना काय येत होतं कप्पाळ! पण अण्णांच्या वळणाचा आहे बघ, ही शेपटी." आणि त्या रडायला लागल्या. रडता रडता रागावल्याही. "मग सांगायचं नाही का मेल्यांनी! एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर हात झिजला असता? मी इथे पत्रावर देवाचं नाव लिहायची थांबले, आणि हे तिकडे कलकत्त्यात बसून…"

इशिताने पाणी आणून दिलं.

काठी खाली ठेवल्यावर त्या स्टुडिओत काय झालं असेल? मास्तरांनी पहिल्या ट्रम्पेटवाल्याला विचारलं असेल, हे काय वाजवलंस, आणि त्याने कागद पुढे धरला असेल. मास्तरांनी ती खूण पाहिली असेल. आधी राग आला असेल, की लगेच हसू आलं असेल, की कानात घुमत राहिलेला तो हललेला सूर त्यांना आपल्या सरळ सुरापेक्षा बरा वाटला असेल? सावित्रीने हे मुद्दाम लिहिलं, तिला सुरांतलं काहीतरी कळत होतं, असंही त्यांना वाटलं असेल. मग तिला कळवायची गरज काय? सांगणारं आता कोणी नाही. पण त्यांनी काठी पुन्हा उचलली आणि आठही वेळा तो सूर हलू दिला, एवढं खरं. चूक एकदा होते. आठ वेळा होऊ दिली तर ती चूक राहत नाही.

सावित्रीबाईंनी पूर्ण रेकॉर्ड लावायला सांगितली. पाऊण तास ती वाजत होती. केक कापायचा राहिला. देवेंद्र बाजारातून आला तो पिशवी घेऊन तसाच दारात उभा राहिला. तिसऱ्या धुनेत पहिला ट्रम्पेट एक ओळ घेऊन निघाला, आणि त्याच्याखाली दुसरा आला, आणि दोघांच्या मधे ते तिसरंच काहीतरी उमटलं. सावित्रीबाईंचं बोट मांडीवर टिंबं मोजत होतं. हे आपण लिहिलंय, हे आपल्या हातचं आहे, असं त्यांना त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं त्यांनी लपवलं नाही.

शेवटची धून संपली तेव्हा कॉन्रॅडने फोन उचलला आणि प्रितेशला लिहिलेला, अजून न पाठवलेला, मेसेज पुसला. म्हणाला, "ओरिजिनलच जाईल, आजी. आणि कव्हरवर तुमचं नाव टाकणार. जुन्या कव्हरवर नव्हतंच. काय लिहू? 'सुरांची हस्तलिखित प्रत: सावित्री वर्तक', असं चालेल?"

"चुरी," सावित्रीबाई म्हणाल्या. "लिहिलं तेव्हा मी चुरी होते. सावित्री चुरी, भुईगाव."

"ओके. हस्तलिखित प्रत: सावित्री चुरी, भुईगाव."

"प्रत काय, कोणीही केली असती. ते नको. असं लिही: पहिल्या सुरातली चूक, सावित्री चुरी, भुईगाव."

कॉन्रॅड हसला, मग थांबला, कारण त्या हसत नव्हत्या. "आजी, आता ती चूक कुठे राहिली? लोकांना वाटेल…"

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. एवढी वर्षं एकटीने सांभाळलीय मी ती. आता ती एवढी गोड निघाली, तर दुसऱ्या कोणाच्या नावावर जाऊ देऊ होय?"